आंद्रेई तार्कोव्हस्की : निरीश्वरवादी राज्यातील श्रद्धावंत चित्रपटकार

रशियात १९१७ साली राज्यक्रांती झाली आणि नव्या सत्ताधाऱ्यांनी देवाला समाजजीवनातून हद्दपार करण्याचा चंग बांधला. हजारो उपासनामंदिरे बंद पडली. कित्येकांची धान्याची कोठारे झाली, तर काही सुरुंग लावून उडवण्यात आली. मॉस्कोतील ख्रिस्त तारणाऱ्याचे भव्य मंदिर १९३१ साली जमीनदोस्त झाले. याच सत्ताधाऱ्यांनी चित्रपटकला मात्र मोठ्या निगुतीने वाढवली. निरक्षर शेतकऱ्यापर्यंत नवे विचार पोहोचवायला पडद्यासारखे साधन नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९१९ साली त्यांनी हा धंदा सरकारी मालकीचा केला आणि त्याच वर्षी मॉस्कोत चित्रपटाचे शिक्षण देणारी शाळा काढली. पुढे अर्धशतकाने याच शाळेत शिकलेल्या एका दिग्दर्शकाने सरकारच्याच पैशाने असे चित्रपट केले, की ज्यांत प्रार्थना, पाप, त्याग आणि देवाचा शोध यांवाचून दुसरा विषय क्वचितच होता. त्याचे नाव आंद्रेई तार्कोव्हस्की. आपल्याकडील फिल्म सोसायट्यांच्या सभासदांना हे नाव परिचित आहे. मंडळीतील वाचकांना ते तितकेसे ठाऊक नसावे, म्हणून हा अल्पपरिचय.

बालपण

तार्कोव्हस्की यांचा जन्म ४ एप्रिल १९३२ रोजी व्होल्गा नदीकाठच्या झाव्राझ्ये या खेड्यात झाला. वडील आर्सेनी हे कवी आणि भाषांतरकार. पूर्वेकडील अनेक भाषांतील काव्य त्यांनी रशियन भाषेत आणले. त्यांच्या स्वतःच्या कविता मात्र बराच काळ छापल्या गेल्या नाहीत. त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला तो १९६२ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी. आई मारिया इव्हानोव्ना मॉस्कोतील एका मोठ्या छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करीत असत.

आंद्रेई पाच वर्षांचे असताना वडील घर सोडून गेले. आईने पुन्हा लग्न केले नाही. आंद्रेई आणि धाकटी मरीना या दोन लेकरांना तिने एकटीने, हालअपेष्टा सोसून वाढवले. त्यातच महायुद्ध आले. आई मुलांना घेऊन व्होल्गाकाठच्या यूर्येवेत्स या गावी राहिली. वडील सैन्यात गेले, जखमी झाले आणि एक पाय गमावून परतले. ज्या बापाची कविता मुलाला तोंडपाठ असावी, तोच बाप घरी नसावा, हे शल्य तार्कोव्हस्की यांच्या मनात जन्मभर राहिले.

तरुणपणी त्यांचे पाय कोठेच स्थिरावेनात. १९४७ च्या हिवाळ्यात क्षयाने गाठले आणि कित्येक महिने रुग्णालयात गेले. पुढे अरबी भाषा शिकायला नाव घातले, पण तो अभ्यास अर्धवट सोडला. मग १९५३ साली खनिजांचा शोध घेणाऱ्या एका पथकाबरोबर ते सैबेरियाच्या अरण्यात गेले आणि सुमारे वर्षभर रानोमाळ पायी हिंडले. परत आले ते दिग्दर्शक होण्याचा निश्चय करून. १९५४ साली मॉस्कोच्या चित्रपटशाळेत त्यांना प्रवेश मिळाला. तेथे मिखाईल रोम्म हे त्यांचे गुरू झाले. आपल्यासारखेच चित्रपट शिष्यांनी काढावेत असा आग्रह न धरणारा हा शिक्षक होता. सोव्हिएत चित्रपटाच्या एका पिढीवर त्याचे ऋण आहे.

पहिले यश

१९६२ साली तार्कोव्हस्की यांचा पहिला मोठा चित्रपट पुरा झाला, ‘इव्हानचे बालपण’. हे काम मुळात दुसऱ्या एका दिग्दर्शकाकडे होते. ते सरकारी चित्रसंस्थेला पसंत पडले नाही, तेव्हा उरलेल्या तुटपुंज्या पैशांत हा नवखा तरुण ते पुरे करायला पुढे आला. युद्धात आईला मुकलेला बारा वर्षांचा पोर शत्रूच्या हद्दीत जाऊन हेरगिरी करतो आणि अखेर मारला जातो, अशी ही कथा. युद्धावरील सोव्हिएत चित्रपटांत विजयाचे नगारे फार वाजत. येथे मात्र सूडाने करपून गेलेले एक बालमन दिसते, आणि मधूनमधून त्या मुलाच्या स्वप्नांत आई, विहीर, सफरचंदे आणि ऊन दिसते. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक, सोनेरी सिंह, एका इटालियन चित्रपटासह विभागून मिळाले. तिशीतला दिग्दर्शक जगभर प्रसिद्ध झाला.

एका चित्रकार संन्याशाची कथा

या यशाचा फायदा घेऊन तार्कोव्हस्की यांनी जो विषय मागितला तो धाडसाचा होता. आंद्रेई रुब्ल्योव्ह हा १५ व्या शतकाच्या आरंभीचा मठवासी चित्रकार. उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात अब्राहामाकडे तीन पाहुणे आले, त्या प्रसंगावरून त्याने काढलेले त्रैक्याचे चित्र जगप्रसिद्ध आहे. एका मेजाभोवती तीन देवदूत बसले आहेत, मध्ये एक पात्र आहे आणि तिघांच्याही मुद्रेवर अपार शांती आहे. रुब्ल्योव्ह ज्या काळात जगला तो मात्र शांतीचा मुळीच नव्हता. तातारांच्या स्वाऱ्या, राजेरजवाड्यांची भाऊबंदकी, दुष्काळ आणि साथीचे रोग यांनी रशिया गांजला होता. असल्या काळात असले चित्र कसे निर्माण झाले, हा तार्कोव्हस्की यांचा प्रश्न होता.

राष्ट्राच्या जुन्या वैभवाचा विषय म्हणून सरकारने परवानगी दिली. ही परवानगी कोणत्या वर्षांत मिळाली तेही ध्यानात घ्यावे. क्रुश्चेव्ह यांच्या अमदानीत, १९५९ ते १९६४ या काळात, धर्माविरुद्ध नवी मोहीम जोरात होती आणि हजारो मंदिरांना पुन्हा कुलपे लागत होती.

मुख्य भूमिकेसाठी नामांकित नट मिळाला असता. पण स्वेर्दलोव्हस्क येथील नाटकमंडळीतील अनातोली सोलोनीत्सिन या अपरिचित नटाने नियतकालिकात ती पटकथा वाचली आणि तो पदरचे पैसे खर्चून मॉस्कोला आला. तार्कोव्हस्की यांनी त्यालाच निवडले आणि पुढे आयुष्यभर त्याला अंतर दिले नाही.

चित्रपटातला रुब्ल्योव्ह अंतिम न्यायाचे चित्र काढायला तयार होत नाही, कारण भोळ्याभाबड्या लोकांना भीती घालून देवाकडे ओढावे हे त्याला पटत नाही. पुढे व्लादिमीर शहरावर हल्ला होतो आणि मंदिरात आसऱ्याला गेलेले लोक कापले जातात. एका वेडसर मुलीला वाचवताना रुब्ल्योव्हच्या हातून एक माणूस मरतो. त्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून तो कुंचला खाली ठेवतो आणि मौन धरतो. वर्षांमागून वर्षे जातात, तो बोलत नाही की चित्र काढत नाही.

मग येते ती घंटेची कथा. राजाला मोठी घंटा ओतून हवी असते, पण नावाजलेला ओतारी साथीत मेलेला असतो. त्याचा पोरका मुलगा बोरिस्का राजाच्या माणसांना सांगतो, की बापाने मरताना ओतकामाचे गुपित आपल्याला दिले आहे. पोराच्या हाती काम येते. तो योग्य मातीसाठी दिवसेंदिवस वणवण करतो, वयस्कर कामगारांवर ओरडतो, साचा बांधतो, भट्ट्या पेटवतो, वितळलेला धातू साच्यात सोडतो. घंटा वाजली नाही तर त्याचे डोके जाणार हे साऱ्यांना ठाऊक असते. राजा आणि परदेशी पाहुणे यांच्यासमोर घंटा वर चढते, लोळी हलू लागते, आणि घंटा वाजते. सगळे आनंदात असताना पोर चिखलात पडून हमसून हमसून रडतो. बापाने त्याला कसलेच गुपित सांगितलेले नसते. त्याने सारे केले ते केवळ विश्वासाच्या बळावर. ते पाहून रुब्ल्योव्ह त्याला उराशी धरतो आणि १५ वर्षांचे मौन सोडतो. दोघांनी मिळून जावे, एकाने घंटा ओताव्या आणि दुसऱ्याने चित्रे काढावीत, असे तो ठरवतो. येथवर कृष्णधवल असलेला चित्रपट मग रंगीत होतो आणि रुब्ल्योव्हची खरी चित्रे पडद्यावर येतात.

१९६६ साली चित्रपट तयार झाला आणि डब्यात बंद झाला. तो फार लांब आहे, निराशाजनक आहे, क्रूर आहे, इतिहासाला सोडून आहे, अशी आक्षेपांची यादी निघाली. क्रौर्याचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. हल्ल्याच्या प्रसंगासाठी एका जिवंत घोड्याला जिन्यावरून पाडण्यात आले आणि तो प्राणी मेला. खाटिकखान्यातून आणलेला असला तरी ही गोष्ट मनाला बोचते, आणि तार्कोव्हस्की यांच्या चाहत्यांनीही ती झाकू नये. पण सरकारचे खरे दुखणे वेगळे होते. माणसाला उभे करणारी शक्ती श्रद्धेत असते, हे या चित्रपटात उघड दिसत होते. १९६९ साली तो फ्रान्समधील कान महोत्सवात स्पर्धेबाहेर, तोही शेवटच्या दिवशी पहाटे चार वाजता दाखवला गेला, तरी समीक्षकांनी त्याला पारितोषिक दिले. स्वदेशात तो प्रदर्शित झाला १९७१ साली. ऐन उमेदीची पाच वर्षे वाट पाहण्यात गेली.

अडवणुकीची वर्षे

पुढे ‘सोलारिस’ (१९७२) आला. ही अंतराळातील कथा, परंतु तिचा गाभा आहे पश्चात्ताप. नायकाला दूरच्या ग्रहावर आपली मृत पत्नी पुन्हा भेटते आणि तिच्याशी आपण कसे वागलो याचा जाब त्याचे मन त्याला विचारते. या चित्रपटात जे बदल करायला सांगितले गेले, त्यांत देवाची कल्पना काढून टाकावी हीही एक सूचना होती. कानला त्याला परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक मिळाले.

‘आरसा’ (१९७५) हा त्यांचा सर्वांत घरगुती चित्रपट. बालपणीचे घर जुन्या पायावर पुन्हा बांधून त्यांनी तो घेतला. घरासमोर पूर्वी बकव्हीट नावाच्या धान्याचे पांढऱ्या फुलांचे शेत असे. आता तेथे ते पीक येणार नाही असे गावकरी म्हणत. तार्कोव्हस्की यांनी शेत खंडाने घेऊन ते पेरले आणि ते डौलाने फुलले. चित्रपटात त्यांची वृद्ध आई स्वतः दिसते, आणि वडील स्वतःच्या आवाजात आपल्या कविता वाचतात. छापताना एखादी भयंकर चूक राहून गेली की काय, या धास्तीने पावसात छापखान्याकडे धावणारी तरुण आईही त्यात आहे. प्रत्यक्षात तुटलेले घर मुलाने पडद्यावर पुन्हा जोडले. खेदाची गोष्ट अशी, की तोवर त्यांचा स्वतःचा पहिला संसारही मोडला होता. पहिली पत्नी इर्मा आणि मुलगा आर्सेनी यांना सोडून त्यांनी १९७० साली लारिसा यांच्याशी दुसरा विवाह केला होता. बापाचा जो घाव त्यांना जन्मभर सलत होता, तोच त्यांनी आपल्या थोरल्या मुलाला दिला.

‘स्टॉकर’च्या वेळी तर संकटांची मालिकाच लागली. एस्टोनियात उन्हाळाभर घेतलेले चित्रीकरण धुलाईत वाया गेले. १९७८ साली तार्कोव्हस्की यांना हृदयविकाराचा झटका आला. तरी त्यांनी चित्रपट जवळजवळ मुळापासून पुन्हा केला आणि १९७९ साली पुरा केला. एका निषिद्ध प्रदेशात एक खोली आहे, तेथे माणसाच्या अंतःकरणातील खरी इच्छा पुरी होते, अशी वदंता असते. एक वाटाड्या एका लेखकाला आणि एका शास्त्रज्ञाला तेथे नेतो. उंबरठ्यापर्यंत गेल्यावर आत पाऊल टाकायला कोणी धजत नाही, कारण आपल्या मनाच्या तळाशी खरोखर काय आहे, हे जाणण्याचीच त्यांना भीती वाटते. या चित्रपटात प्रकटीकरणातील उतारा वाचला जातो, आणि लूकच्या २४ व्या अध्यायातील अम्माऊसच्या वाटेवरील प्रसंगही ऐकू येतो. त्यातली नावे तेवढी गाळली आहेत. पवित्र शास्त्र सहजासहजी विकत न मिळणाऱ्या देशात ही वचने चित्रपटगृहांत ऐकवली गेली, याचे मोल आपण समजू शकतो.

परदेशी

१९८२ साली ‘नॉस्टाल्जिया’ या चित्रपटासाठी तार्कोव्हस्की इटलीला गेले. पत्नी नंतर जाऊन मिळाली. ११ वर्षांचा धाकटा मुलगा आंद्रेई आजीपाशी मॉस्कोत राहिला; त्याला बाहेर जाऊ दिले गेले नाही. चित्रपटाचा नायक घरच्या ओढीने झुरणारा एक रशियन कवी आहे. एका वेडसर समजल्या जाणाऱ्या माणसाला दिलेल्या शब्दाखातर तो पाणी उपसलेल्या कुंडातून पेटती मेणबत्ती एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायला निघतो. मेणबत्ती दोनदा विझते. दोन्ही वेळा तो मागे येऊन पुन्हा आरंभ करतो. तिसऱ्या खेपेला ती पलीकडे पोहोचते आणि तो कोसळतो. सुमारे नऊ मिनिटांचे हे दृश्य मध्ये कोठेही न तोडता घेतले आहे. हा चित्रपट त्यांनी १९७९ साली वारलेल्या आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केला.

परत गेल्यास आपल्याला काम मिळणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. १० जुलै १९८४ रोजी मिलान येथे वार्ताहरांसमोर त्यांनी मायदेशी परतणार नसल्याचे जाहीर केले. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या पिकॅडिली भागातील सेंट जेम्स या अँग्लिकन मंदिरात त्यांनी प्रकटीकरणाच्या पुस्तकावर व्याख्यान दिले. त्यांच्या दृष्टीने ते केवळ शिक्षेचे पुस्तक नव्हते, तर आशेचेही होते. मुलाला सोडावे म्हणून मोठमोठ्यांनी अर्ज केले, पण वर्षे गेली तरी दार उघडले नाही.

‘बलिदान’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट स्वीडनमधील गॉटलँड बेटावर १९८५ साली चित्रित झाला. अणुयुद्ध सुरू झाल्याची बातमी येते, तेव्हा कधी प्रार्थना न केलेला एक सुशिक्षित गृहस्थ गुडघे टेकतो. जग पूर्ववत होऊ दे, मी माझे घर, माझा मुलगा, माझी वाणी, सारे सोडून देईन, असा तो नवस करतो. दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत असते आणि तो खरोखरच आपले घर पेटवून देतो. वाचकांना इफ्ताहाचा नवस आणि मोरियाच्या डोंगरावरील अब्राहाम दोन्ही आठवतील. घर जळण्याचे दृश्य एकदाच घ्यायचे होते. नेमका तेव्हाच कॅमेरा अडकला आणि घर भस्म झाले. ते थोड्या दिवसांत पुन्हा उभारून पुन्हा जाळावे लागले. शेवटी त्या गृहस्थाचा लहानगा, घशाच्या शस्त्रक्रियेमुळे तोवर मुका असलेला, वाळक्या झाडाला पाणी घालून त्याखाली पडतो आणि प्रथमच बोलतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या आरंभीच्या शब्दाविषयी तो आपल्या बापाला प्रश्न विचारतो.

डिसेंबर १९८५ मध्ये तार्कोव्हस्की यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. आता मात्र सरकारने मुलाला सोडले. जानेवारी १९८६ मध्ये, जवळजवळ चार वर्षांनी, बापलेकांची पॅरिसला भेट झाली. त्या वर्षी कान येथे ‘बलिदान’ला मिळालेले पारितोषिक आजारी पित्याच्या वतीने १५ वर्षांच्या मुलाने स्वीकारले. चित्रपट त्यालाच अर्पण केलेला आहे. २९ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, तार्कोव्हस्की पॅरिस येथे निवर्तले. तेथील रशियन ऑर्थोडॉक्स मंदिरात त्यांचा अंत्यविधी झाला आणि मंदिराच्या पायऱ्यांवर बसून मस्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच यांनी चेलो वाजवला. वडील मुलाच्या मागे आणखी दोन वर्षे जगले.

त्यांचे मोल

सोव्हिएत सरकारने १९९० साली त्यांना मरणोत्तर लेनिन पारितोषिक दिले. त्याहून आपल्याला जवळची गोष्ट अशी, की कान महोत्सवात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक चित्रपटसंस्थांनी मिळून १९७४ पासून चालवलेल्या ख्रिस्ती परीक्षक मंडळाने ‘स्टॉकर’ (१९८०), ‘नॉस्टाल्जिया’ (१९८३) आणि ‘बलिदान’ (१९८६) या तिन्ही चित्रपटांना आपले पारितोषिक दिले.

तार्कोव्हस्की धर्मोपदेशक नव्हते. ‘बलिदान’मध्ये प्रार्थनेच्या शेजारीच चेटकिणीची कथा आहे, आणि पूर्वेकडील तत्त्वज्ञानापासून गूढविद्येपर्यंत अनेक विचारांचे त्यांना आकर्षण होते. त्यांचे चित्रपट संथ आहेत, काही दृश्ये मुलांना दाखवण्याजोगी नाहीत. तेव्हा शब्बाथ शाळेत ते लावावेत असे कोणी सुचवणार नाही. पण घंटेची गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. मोठ्या मुलांना विचारावे, की बोरिस्का खोटे बोलला ते बरोबर होते काय? आणि बापाने गुपित दिले नसताना घंटा वाजली कशी? या प्रश्नांवर मुले तासभर बोलतील.

ज्या चित्रकाराची कथा पाच वर्षे डब्यात पडून होती, त्या रुब्ल्योव्हला रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीने १९८८ साली संतपद दिले. १९३१ साली पाडलेले ख्रिस्त तारणाऱ्याचे मंदिर पुन्हा बांधून २००० साली त्याचे समर्पण झाले. जी सत्ता हे सारे पुसू पाहत होती ती १९९१ साली लयाला गेली. तार्कोव्हस्की यांना यातले काहीच पाहायला मिळाले नाही. आयुष्याच्या २४ वर्षांत त्यांना अवघे सात मोठे चित्रपट करता आले. त्यांतले पाच स्वदेशात आणि दोन परक्या देशांत. त्यांची कबर पॅरिसजवळच्या सेंट-जनेव्हिएव्ह-दे-ब्वा येथील रशियन दफनभूमीत आहे.